रंगाऱ्याच्या मुलाची रंगपरीक्षा

आगगाडीचे डबे आजारी पडतात. रेल्वेत त्याला 'सिक' म्हणतात. डबा सिक निघाला की त्याच्या अंगावर खडूने तसं लिहितात आणि त्याला गाडीतून काढून बाजूच्या रुळावर उभा करतात. माझा थोरला भाऊ सुब्बराव, म्हणजे आमचा अण्णा, अशा डब्यांचा फिटर होता. म्हैसूरच्या रेल्वे कारखान्यात त्याला बावीस वर्षं झाली होती. चाकावर हातोडी मारली की आवाजावरून तो तडा ओळखायचा. आसाच्या पेटीवर पालथा हात ठेवून ती किती तापली ते सांगायचा. पेटीत तेलात भिजवलेली लोकर भरलेली असते. तिचा नुसता वास घेऊन ती कधी बदलली होती हेही तो सांगायचा, आणि ते सहसा बरोबर निघायचं.

नोकरीबद्दल त्याची एकच तक्रार होती, आणि ती त्याने मला एकदाच सांगितली.

"कमळे, इतके डबे बरे केले, पण त्यांतला एकही गाडीला लागून जाताना मी बघितला नाही. शेडच्या दारातून ढकलत नेतात, तेवढंच."

एकोणीसशे एकोणसत्तर साली म्हैसूर स्टेशनावर ट्रेन एक्झामिनरची एक जागा निघाली. गाडी सुटण्याआधी तिच्या शेवटच्या चाकापर्यंत चालत जायचं, ठोकायचं, हात लावायचा, आणि मग सही करायची. त्या सहीशिवाय गाडी हलत नाही. वयाची अट पंचेचाळीसची होती आणि अण्णाला चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. म्हणजे ही जागा मिळाली तर मिळाली. पुढची निघेपर्यंत तो अटीच्या पलीकडे गेलेला असणार होता.

परीक्षा तीन होत्या. लेखीची तयारी मी करून घेतली. मी जयलक्ष्मीपुरममधल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते, आणि तिथवर मला अण्णानेच शिकवलं होतं. वीस वर्षं तो गाडीचे ब्रेक दुरुस्त करत होता, पण ब्रेक का लागतो असं विचारलं की "लागतो म्हणून लागतो" म्हणायचा. नळीतली हवा इंजिनाने ओढून घेतलेली असते, ती आत शिरली की बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्या उचलतो, हे मी त्याला पाटीवर खडूने काढून दाखवलं. तो बराच वेळ त्या आकृतीकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे गाडी हवा थांबवते. मी सुम्मने, उगाचच, गर्व करत होतो."

हाताच्या परीक्षेत परीक्षकांनी सहा चाकं मांडली होती आणि तडा कुठल्या चाकाला आहे ते पाकिटात लिहून ठेवलं होतं. अण्णाने दोन चाकं सांगितली. परीक्षक म्हणाले, एकच आहे. अण्णा म्हणाला, पुन्हा ठोकून बघा. शेवटी दुसऱ्या चाकाला रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची पूड फासली, आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ हळूहळू उमटली. परीक्षकांनी पाकीट फाडून टाकलं.

उरली ती डोळ्यांची परीक्षा. स्टेशनावर सिग्नलच्या दिव्यांशी काम पडतं, म्हणून रंग ओळखता येणं सक्तीचं होतं. त्या परीक्षेची काळजी कुणीही केली नाही, कारण आम्ही रंगाऱ्याच्या घरातले.

आमचे वडील, वासुदेवराव, म्हणजे आप्पा, त्यांच्या तरुणपणी गावातल्या सगळ्या लग्नांची लुगडी रंगवत. पुढे गिरणीचं कापड आलं, रंगाच्या पुड्या आल्या, आणि परसातल्या रंगाच्या नांदी पालथ्या पडल्या. आता आप्पा पंचाहत्तरीचे होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. म्हणत, "बघण्यासारखा रंग राहिलाय कुठे?" पण लहानपणी आम्हाला त्यांनी जे शिकवलं ते कान पिळून शिकवलं होतं. कापड दाखवून विचारायचे, रंग कुठला? 'लाल' म्हटलं की कान.

"लाल हा रंग नव्हे," ते म्हणायचे, "लाल ही जात. जात सांगून माणूस कळतो होय? नाव सांग."

मग आम्ही नाव सांगायचो. आलीचा, मंजिष्ठेचा, लाखेचा, पतंगाचा, कुसुंब्याचा. आणि तुरटी जास्त पडली असेल तर तेही. माझा कान थोडक्यात सुटला, कारण मी धाकटी आणि मुलगी. अण्णाचा उजवा कान अजूनही डाव्यापेक्षा किंचित लांब आहे. मी मोजलेला आहे.

परीक्षा झाली त्या दुपारी अण्णा घरी आला तो थेट परसात गेला आणि पालथ्या नांदीवर बसला. त्याच्या मागोमाग त्याचा कारखान्यातला जोडीदार फत्तेसिंगराव आला. त्यानेही अर्ज केला होता. हाताच्या परीक्षेत तो जेमतेम निभावला होता. त्याला आजवर एकही तडा ऐकू आलेला नाही, असं कारखान्यात सगळे म्हणत आणि तोही नाकारत नसे.

"झालं काय?" गंगावैनीने विचारलं. गंगाबाई ही अण्णाची बायको.

"फेल," फत्तेसिंगराव म्हणाला. "तुमचे यजमान रंगांध. कागदावर लिहिलंय."

वैनी हसायला लागली. मग तिने अण्णाकडे बघितलं आणि थांबली.

फत्तेसिंगराव पडद्याबाहेर आपल्या पाळीची वाट बघत बसला होता, त्यामुळे त्याने सगळं ऐकलं होतं. ते त्याने दोघांचे आवाज काढून सांगितलं. डॉक्टर बाहेरगावाहून आलेले, तरुण, घाईत. अंधाऱ्या खोलीत एक कंदील, कंदिलापुढे फिरती चकती, चकतीत रंगीत काचा. डॉक्टर कंदिलामागे उभे राहून कळ फिरवतात, हातातल्या यादीत बघतात, आणि विचारतात, रंग सांगा.

"पहिली काच," फत्तेसिंगराव म्हणाला. "हे म्हणतात, मंजिष्ठ, दोन हात दिलेला. डॉक्टर म्हणतात, काय? हे म्हणतात, दोन नसतील, दीड. दुसरी काच. हे म्हणतात, हळदीवर निळीचा एक हात. डॉक्टर म्हणतात, अहो, तो हिरवा आहे की नाही? हे म्हणतात, होईल साहेब, अजून एकदा निळीत बुडवला तर होईल."

"अय्यो," वैनी म्हणाली.

"तिसरी पांढरी. हे म्हणतात, पांढरं कुठलं, पिरियापट्टणचं तंबाखूचं पान आहे, भट्टीतून नुकतं काढलेलं. आणि पाचवी काच आली तेव्हा म्हणतात, साहेब, हा रंगच नव्हे. मग डॉक्टरांनी पेन काढलं."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी पास. लाल, हिरवा, पांढरा, हिरवा, लाल."

"पाचवी तुम्हाला लाल दिसली?"

"काही दिसलं नाही. पण दिवा नीट कळला नाही तर गाडी थांबवायची, हा रेल्वेचा नियम. म्हणून लाल म्हटलं." फत्तेसिंगरावने उठताना अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. "सुब्बराव, जागा मला मिळाली तर गाड्यांचं काय होईल हे तुला ठाऊक आहे. पुन्हा परीक्षा माग."

कागद मी वाचला. इंग्रजीत लिहिलं होतं: 'रंगज्ञान सदोष. दिव्याच्या ठिकाणी कापड दिसते.' खाली बारीक अक्षरात, एक महिन्याच्या आत एकदाच फेरतपासणी मागता येईल, असं होतं.

ही गोष्ट आप्पांपासून लपवायची असं आम्ही ठरवलं, आणि ती संध्याकाळपर्यंत लपली. वैनीचा आवाज मोठा आहे.

"रंगांध?" आप्पा म्हणाले. "माझा मुलगा? कोण म्हणतो?"

"डॉक्टर."

"कुणाचा मुलगा तो?"

"ते विचारलं नाही आप्पा."

"विचार. त्याच्या बापाने त्याला काही शिकवलेलं नाही."

अर्ज मी लिहिला. तारीख मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची. कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या बाईंकडून मी सहा रंगीत काचा मागून आणल्या. परसातल्या कोठीच्या खिडकीवर घोंगडी टांगली आणि कंदील लावला. रोज संध्याकाळी आप्पा देवळात गेले की अण्णाची शिकवणी सुरू व्हायची. दृष्टी तपासायचा प्रश्नच नव्हता. त्याला कमी बघायला शिकवायचं होतं.

"रंग?"

"लाल..." अण्णा म्हणायचा. मग त्याचे ओठ हलत राहायचे. "...सर."

"लालसर नाही. लाल."

"पण कमळे, त्यात पिवळं आहे."

"असू दे."

"असू दे कसं? आहे ना!"

सराव वाढावा म्हणून घरात दिवसभर चारच रंग बोलायचे, असं मी ठरवलं. त्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी झाला. वैनी तिचं लग्नातलं रेशमी लुगडं नेसून तिच्या बहिणीकडे निघाली होती. जाताना तिने नेहमीसारखं विचारलं, "कशी दिसते?"

"हिरवी," अण्णा म्हणाला.

"काय?"

"लुगडं. हिरवं."

"एकोणीस वर्षं ह्याला मोरकंठी म्हणत होता तुम्ही! पहिल्या दिवशी म्हणाला होता, असा मोरकंठी सगळ्या म्हैसुरात नाही!"

"परीक्षा होईपर्यंत हिरवं," अण्णा खाली मान घालून म्हणाला.

वैनी बहिणीकडे चार दिवस राहिली.

दोन आठवडे झाले तरी दहा काचांमागे सात हेच अण्णाचं प्रमाण होतं. उरलेल्या तीन वेळा खरं तोंडातून निसटायचं. एका संध्याकाळी मी चिडले.

"अण्णा, एक शब्द बोलायला एवढं काय जड जातं रे?"

मी तपासायला आणलेल्या मुलींच्या जर्नलांचा गठ्ठा कोठीच्या उंबऱ्यावर होता. त्यातली एक वही त्याने उचलली, पान उलटलं, आणि माझ्या लाल शाईवर बोट ठेवलं. ज्योतीच्या परीक्षेत कॅल्शियमची ज्योत विटकरी आणि स्ट्रॉन्शियमची किरमिजी दिसते. त्या मुलीने दोन्हीकडे 'लाल' लिहिलं होतं. मी अर्धा अर्धा गुण कापला होता आणि समासात लिहिलं होतं, 'कोणता लाल?'

"हे तूच लिहिलंस ना?" अण्णाने विचारलं.

मी वही मिटली. कंदील मालवला. त्याच्याकडून मी खोटं बोलून घेत होते. प्रयोगशाळेत मी स्वतः ते चालू दिलं नसतं. पण खोटं बोलला नाही तर जागा जाणार होती, आणि आमच्या दारावर 'रंगारी' अशी पाटी असताना त्याच्या नोकरीच्या कागदावर रंगांध हा शब्द कायमचा राहणार होता. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. मग मला खडू आठवला.

"अण्णा, डब्यावर तू खडूने काय लिहितोस?"

"सिक."

"आणि बरा असेल तर?"

"काही नाही लिहीत. फिट."

"'जरासा सिक' असं कधी लिहितोस?"

"वेड लागलं काय? गाडी जाईल की नाही, एवढंच ड्रायव्हरला पाहिजे."

"पण चाकाचा आवाज तर तुला पंचवीस प्रकारचा ऐकू येतो."

"येतो. ते माझ्यापाशी."

"मग हेही तुझ्यापाशी ठेव. डॉक्टर तुला रंग विचारत नाहीत अण्णा. ड्रायव्हरने थांबायचं की जायचं, हे विचारतात. लाल म्हणजे थांब. हिरवा म्हणजे जा."

तो म्हणाला, "पुन्हा लाव कंदील."

त्या संध्याकाळी त्याने वीसपैकी वीस सांगितले. एकदा ओठ हलले, पण आवाज आला नाही. उजेडात बाहेर आलो तेव्हा दारात आप्पा उभे होते. देवळातून लवकर परतले होते.

"लाल, असं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"मी," अण्णा म्हणाला.

आप्पांनी हात पुढे करून चाचपडत अण्णाचा कान शोधला. चव्वेचाळीस वर्षांचा माझा भाऊ हललासुद्धा नाही. पण आप्पांनी कान नुसता धरला, पिळला नाही, आणि सोडून दिला.

"नोकरीसाठी ना?"

"हो."

"बाहेर म्हण. घरात नको."

फेरतपासणीला अण्णाबरोबर मी गेले. या वेळी मोठे डॉक्टर आले होते, पिकल्या केसांचे, कानडी बोलणारे. कंदील मात्र तोच, असं अण्णा मला हळूच म्हणाला. मी पडद्याबाहेर बाकावर बसले. मांडीवर छत्री होती. आतलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"एक."

"लाल."

"दोन."

"हिरवा."

"तीन."

"पांढरा," अण्णा म्हणाला, आणि तंबाखूचं पान त्याने गिळल्याचं मला बाहेर ऐकू आलं.

"चार."

"हिरवा."

"पाच."

मी छत्रीची मूठ आवळली. पाचव्या काचेचं मी विसरूनच गेले होते.

"पाच," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

"लाल म्हणा साहेब," अण्णा म्हणाला. "गाडी थांबवा. दिवा नीट कळत नाही तेव्हा थांबवायची. पण हा दिवा सिक आहे."

"काय आहे?"

"सिक. ह्याला लाईनीवर ठेवू नका."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अण्णाच्या चपलांचा. मग एक आवाज आला तो मी लहानपणापासून ओळखते: पत्र्यावर खडू घासल्याचा. अण्णाने सवयीने खिशातला खडू काढून सरकारी कंदिलावर लिहिलं होतं.

मी डोळे मिटून घेतले.

"हे काय करता?" डॉक्टर म्हणाले, पण ओरडले नाहीत. कुलूप उघडल्यासारखी खटखट झाली. "नोडी," ते म्हणाले, म्हणजे 'बघा', आणि हे बहुधा ते स्वतःलाच म्हणाले असावेत. "पाचव्या काचेवर बोटभर काजळी! किती वर्षं झाली पुसून? आणि ह्या काचेवर मागच्या वेळी किती माणसं पास झाली?"

"एक तरी झाला साहेब," अण्णा म्हणाला. "चांगला माणूस आहे. नियम पाळतो."

डॉक्टरांनी रुमालाने काच पुसली असावी, कारण थोड्या वेळाने ते म्हणाले, "हं. आता सांगा. पाच."

ती काच पुसल्यावर कशी दिसली हे अण्णाने मला नंतर घरी जाताना सांगितलं. शुद्ध कुसुंबी. पहिल्या पाण्याचा. आप्पांनी आईच्या लग्नातलं लुगडं रंगवलं होतं तसा, जो पुन्हा त्यांनाही साधला नाही. अण्णा सात वर्षांचा होता तेव्हा ते लुगडं फाटलं, आणि तेव्हापासून त्याने तो रंग बघितला नव्हता.

हे सगळं मला बाकावर ठाऊक नव्हतं. मला फक्त शांतता ऐकू येत होती. मी मनात आकडे मोजायला लागले. अकरापर्यंत आले.

"लाल," अण्णा म्हणाला. घरात कुणी वारलं असावं असा आवाज होता.

"सरी," म्हणजे 'ठीक', असं डॉक्टर म्हणाले आणि सही केली. खडूचं त्यांनी पुसायला सांगितलं नाही. कंदील दुरुस्तीला पाठवायचा होताच.

जागा अण्णाला मिळाली. फत्तेसिंगराव पेढे घेऊन आला. अण्णा डोळ्यांच्या परीक्षेत फेल झाला त्या दिवसापासून आपली झोप उडाली होती, असं म्हणाला; ती जागा आपल्याला मिळते की काय, ही भीती होती. वैनी मोरकंठी लुगडं नेसली आणि दिवाणखान्यातून तीनदा गेली. तिसऱ्यांदा अण्णा म्हणाला, "मोरकंठी," आणि मगच ती स्वयंपाकघरात गेली.

आप्पा खुर्चीत बसून होते. "कागद वाच," ते मला म्हणाले.

मी वाचला. "सुब्बराव वासुदेवराव, वय चव्वेचाळीस. रंगज्ञान नॉर्मल."

"नॉर्मल म्हणजे?"

"म्हणजे... सगळ्यांना दिसतं तसं."

"फत्तेसिंगरावला दिसतं तसं?"

फत्तेसिंगरावने पेढा तोंडात टाकला.

"तीन पिढ्या," आप्पा म्हणाले. "तीन पिढ्या आम्ही ह्या गावाला रंग दिला, आणि माझ्या मुलाच्या कागदावर लिहितात, नॉर्मल." त्यांनी हात पुढे केला, आणि मला वाटलं, आता माझा कान. पण त्यांना कागद हवा होता. त्यांनी तो चाचपला, सही कुठे आहे ती विचारली, तिथे बोट ठेवलं, आणि कागद मला परत दिला.

"कमळे," ते म्हणाले, "पुन्हा अर्ज लिही."